खरखरीवर भरोसा

काकाजींचा स्वच्छ वस्तूवर विश्वास नव्हता. दूध फार पांढरं दिसलं की ते दूधवाल्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. तांदळात एकही खडा निघाला नाही, तर पोत्याच्या तळापर्यंत हात घालायचे. "साफ हाये म्हंजे कोनंतरी पुसलं हाये," ते म्हणायचे, "अन् पुसलं म्हंजे तिथं काहीतरी होतं."

काकाजी हे गोंदियाजवळच्या आमगावातले माझे घरमालक. तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला मी अमरावतीहून आले आणि त्यांच्या घराची वरची खोली बघायला गेले. चाळिशीची बाई, एकटी, सामान एवढंसं, बदली मागून घेतली की आपोआप झाली, यावर त्यांनी अर्धा तास उलटतपासणी केली. शेवटी विचारलं, "बटन बंद केल्यावरबी पंखा फिरत राह्यते, तो कायले?" मी जडत्वाचा नियम सांगितला. "पुस्तकातलं सांगून राहिल्या," ते म्हणाले. तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या. "याइचा सोताच्या सावलीवर भरोसा नाई, मॅडम. तुमी मनावर घेऊ नका." खोली मिळाली ती काकींमुळे.

पहिल्याच रविवारी दुपारी मी आडवी झाले, तर खाटेच्या पायांतून धमधम चढू लागली. आवाज असा नव्हताच, नुसता हादरा होता. खाली गेले. काकाजी डोळे मिटून एका सागवानी पेटीसमोर बसले होते. पेटीत स्पीकर, शेजारी रेकॉर्ड प्लेअर आणि त्यावर एक लहानशी काळी तबकडी डुगडुगत फिरत होती. "रेगे," ते डोळे न उघडता म्हणाले. मला वाटलं, कोणी रेगे आडनावाचे गायक असतील.

तरुणपणी काकाजी मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. धानाची शेती भावावर सोडून हा पोवारांचा मुलगा समुद्रावर गेला, यावर गावात बरीच वर्षं चर्चा झाली म्हणे. जमैकाच्या किंग्स्टन बंदरात जहाज दुरुस्तीसाठी दोन महिने अडकलं. तिथे एका दुकानदाराचा जळालेला ॲम्प्लिफायर त्यांनी दुरुस्त केला. त्याने खूश होऊन जुन्या रेगेच्या, म्हणजे तिथल्या संगीताच्या, चाळीस तबकड्या दिल्या. काकाजींनी प्रत्येक तबकडी त्याच्याच दुकानात दोन-दोनदा वाजवून घेतली. "फुकट देऊन राहिला म्हंजे खोट असंनच," ते म्हणाले. खोट होतीच. मधलं भोक मधोमध नव्हतं, त्यामुळे सूर पाळण्यात बसल्यासारखा खाली-वर व्हायचा. कित्येकांवरचा नावाचा कागद कोरा. आणि गाणं सुरू होण्याआधीपासून तेलात मोहरी टाकल्यासारखी खरखर. तीच त्यांना आवडली.

त्या गाण्यांत गिटार समेवर येतच नाही. सम मोकळी सोडून मधल्या जागेत चट्, चट् वाजते, जणू कोणीतरी दाराआडून डोकावतंय. बेसचा खर्ज मात्र सगळ्यांच्या पुढे, गाणाऱ्याच्याही पुढे. मी कारण विचारलं, तर ते म्हणाले, "आपल्या दंडारीच्या खेळात माईक किती राह्यते? एक. ज्याले आयकू जाऊ द्याचं, तो पुढं येते. याइचंबी तसंच. एक खोली, दोन-चार माईक. आयका, इथं खोकलला कोनी. आता दार वाजलं. हे लपवता आलं नाई त्याइले. म्हून मी मानतो."

मला त्यांना खूश करायचं होतं. त्यातलंच एक गाणं मोबाइलवर सापडलं, नव्याने स्वच्छ केलेलं. ऐकवलं. खरखर नाही, डुगडुग नाही, प्रत्येक वाद्य वेगळं आणि चकचकीत. काकाजींनी पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "खोकलनारा कुठं गेला?"

"काढला असेल."

"मंग आनखी काय काय काढलं असंन?" त्या दिवसापासून माझ्या मोबाइलकडे ते जरा जपूनच बघू लागले.

पुढच्या हिवाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी काकाजी गोंदियाला गेले. काकी सोबत होत्या. चार दिवस घराची किल्ली माझ्याकडे होती. परत आल्यावर आठवडाभराने ते माझ्या दारात उभे राहिले. डोळ्यावर काळा चष्मा.

"मॅडम, तुमी माह्या रेकॉर्डी धुतल्या का?"

"नाही, काकाजी. मी हातसुद्धा लावला नाही."

"खरखर गेली. सगळ्याइची गेली. मी नवतो तवा किल्ली तुमच्यापाशी होती." ते ओरडले नाहीत. वळून जिना उतरले. संध्याकाळी त्यांच्या तबकड्यांच्या लोखंडी कपाटाला नवं कुलूप दिसलं.

मला फार लागलं. चौकातल्या किराणा दुकानात दोन बायका मला बघून बोलता बोलता थांबल्या, तेव्हा कळलं की गोष्ट बाहेरही गेली आहे. मी दुसरी खोली शोधू लागले. येता-जाता काकाजी माझ्या पिशवीकडे बघत. मीही त्यांच्याशी बोलणं टाकलं.

पंधरा दिवसांनी सकाळी काकी वर आल्या. "हे बलावून राहिले. म्हंते, तपासनी कराची हाये." माझं सामान तपासायचं असेल, असं वाटलं. तशीच खाली गेले.

अंगणात दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवलेल्या. काकींच्या हातात मोबाइल. बारीकपासून अतिबारीक होत जाणारा आवाज काढणारं काहीतरी काकाजींनी दुकानातून त्यात टाकून आणलं होतं.

"मले तुमच्यावर शक हाये," ते सरळ म्हणाले. "पन परवा कुकरची शिट्टी झाली म्हंते, ते मले आयकू आली नाई. तवापासून माह्यावरबी शक हाये. दोघाइची तपासनी होऊ द्या. आयकू येते तोवर हात वर ठेवाचा."

बसलो. काकींनी बटण दाबलं. आवाज वर चढत गेला, डासाच्या गुणगुणीसारखा झाला, मग त्याहून बारीक. मला काकाजी दिसत नव्हते. समोर फक्त तुळस आणि वाळत घातलेले कपडे.

"याइचा हात खाली आला," काकी हळूच म्हणाल्या.

"अन् मॅडमचा?"

"वरच हाये."

काकाजींनी खुर्च्या बदलून पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. खरखर तबकड्यांवरून गेली नव्हती. ती त्यांच्या कानांतून गेली होती. कधी गेली, हे त्यांनाही कळलं नव्हतं. शेवटी त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "तुमच्यावरचा शक गेला," ते म्हणाले. "आता तो ठेवू कोनावर?" माफीचा शब्द काही निघाला नाही. पण दुसरी खोली बघायला मीही गेले नाही.

गोंदियाच्या कानाच्या डॉक्टरांनी ऐकायचं यंत्र दिलं. चार दिवस लावून त्यांनी ते डबीत ठेवलं. "हे मले गानं नाई आयकवत. गान्याची बातमी सांगते."

मग रविवार दुपारची आमची रीत पडली. ते सुई ठेवत, हात पेटीवर. बेस त्यांना तळव्यातून कळायचा. वरचे बारीक आवाज माझ्याकडे. "खरखर हाये का?" ते विचारत. "आहे," मी म्हणायची. खोकला आला की सांगायचं, दार वाजलं की सांगायचं. दूधवाल्यावर, बँकेवर, डॉक्टरवर विश्वास न ठेवणारा माणूस माझ्या एका शब्दावर मान डोलवायचा. मला त्याचं ओझं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. सामानाचा ट्रक दारात घरघरत उभा होता. काकाजींनी आत बोलावलं. माझ्याकडे पाठ करून प्लेअर सुरू केला.

"हाये का?"

"आहे," मी म्हणाले.

ते बाजूला झाले. तबकडी नुसतीच फिरत होती. सुई त्यांनी ठेवलीच नव्हती.

"असं किती डाव झालं, मॅडम?"

"पहिल्यांदाच, काकाजी. ट्रकच्या आवाजात खरखर आहे असंच वाटलं..."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी खरं बोलत होते, पण ते सिद्ध करायला माझ्याजवळ काही नव्हतं. मी बाहेर गेले, ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावलं. तो कुरकुरला. परत येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आता ठेवा."

त्यांनी सुई टेकवली. गाणं संपेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. मग जे जे ऐकलं, ते सगळं सुरुवातीपासून सांगत गेले. ते ऐकत होते. डोळे मिटून, माझ्या तोंडाकडे न बघता.