कळलावीचा लेप

रानाच्या कडेला कळलावी फुलली की मी वाट बदलतो. खाली पिवळ्या, वर लालभडक पाकळ्या पेटल्यासारख्या हलतात. यंदा लेकच ते फूल तोडून घेऊन आली. ती मामाकडे शहरात वाढली, आता सातव्या महिन्यात माहेरी आलीय.

तिच्या जन्माच्या वेळी ओढ्याला पूर होता आणि दवाखाना पलीकडे. बायको दोन दिवस अडलेली. शेवटी कळा याव्यात म्हणून सुईणीने कळलावीचा कंद उगाळून तिच्या तळव्यांना लावला आणि माझ्या हातात ओलं फडकं दिलं.

"मूल बाहेर आलं की लगेच तळवे पूस. लेप राहिला तर रक्त थांबत नाही."

मूल रडलं. मी मूलच बघत राहिलो.

भानावर आलो तेव्हा लेप तळव्यांवर वाळला होता. दिवस मावळायच्या आत ती गेली. डॉक्टर नंतर म्हणाले, लेपाचा काही संबंध नाही. मी मान हलवली. पण ज्या कंदाला हात जोडून उकरलं, त्याच्यावर तेवढ्यापुरता विश्वास ठेवून नंतर तो सोडायचा कसा? मला ते जमलेलं नाही.

"बाबा, नाव काय याचं?" लेक पायरीवर टेकत म्हणाली.

"माहीत नाही."

तिच्या तळव्यांवर तांबडी माती वाळली होती. मी फडकं भिजवून आणलं आणि तिच्या पायाशी बसलो.

"अहो बाबा, हे काय? मी धुते ना!"

माती केव्हाच निघाली होती. माझा हात थांबत नव्हता.