इंगोले सर आणि बेशरमाचं कुंपण

बाबारावजी इंगोले सरांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी मी लिहावं, असा निरोप आला तेव्हा मी स्पष्ट कळवलं, की मी त्यांच्या विज्ञानाच्या वर्गात कधी बसलेलो नाही. माझं शिक्षण नववीपर्यंत. दारव्ह्यात मोटार वायंडिंगचं दुकान. मात्र तालुक्यातल्या रानमाश्यांच्या, म्हणजे रानात एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या-भुंग्यांच्या, नोंदी माझ्या वह्यांइतक्या चोख दुसरीकडे मिळणार नाहीत, आणि तो नाद सरांनी लावला.

पहिली भेट दुकानातच झाली. सर विहिरीवरची मोटार घेऊन आले होते. तिच्या बोल्टाच्या भोकातून मी पानांच्या गुंडाळ्या तारेनं उकरत होतो.

"काय फेकून राह्यले?"

"कचरा, सर."

"थांबा. ते घर आहे. तुरीवर येणारी माशी पानं कातरून त्यात अंडी घालते. मोटार मले मागाहून द्या."

मोटार तीन आठवडे तशीच पडून राहिली. सरांनी तोवर पाणी बादलीनं शेंदलं.

पुढे रविवारी आम्ही सायकलींवर फिरू लागलो. एकदा तरवडाच्या फुलासमोर त्यांनी मला अर्धा तास उभं केलं. भुंगा फुलाला कवटाळून घुमतो, तेव्हा कुठे फुलातला पराग सुटतो. मोहोळाच्या माशीला ते जमत नाही. अशा जोड्या पाहून देशी झाडांचं मोल मला पटलं, आणि जरा जास्तच पटलं. वहीत मी देशी झाड हिरव्या शाईनं लिहू लागलो, परदेशी लाल शाईनं. लाल तेवढं तोडायचं, हा माझा नियम.

त्याच नियमानं एका माघात मी तांड्याजवळ नाल्याकाठचं बेशरमाचं कुंपण मुळासकट काढून पेटवलं. हे झुडूप बाहेरदेशाचं. कुंपण शेवंताबाई राठोड यांच्या वाडीचं. बदल्यात मी तारेचं करून दिलं, म्हणून त्या राजी झाल्या. सरांना विचारलं नाही.

फाल्गुनात बाईंचा निरोप आला. कोहळ्याच्या वेलांना फुलं भरघोस, पण बोराएवढं फळ दिसलं की पिवळं पडून गळत होतं. त्यांचा उन्हाळा त्याच वेलांवर निघायचा. मी सरांना घेऊन गेलो.

"वहीवाले भाऊ, भुंगे कोठी गेले?" बाईंनी मला विचारलं. "तुमची तार लय मजबूत हाय, पण तारेले फूल येत नाही ना!"

सरांनी जळक्या ढिगातली एक पोकळ कांडी उचलून चिरली. आत लहान माश्यांच्या खोल्या होत्या, भाजलेल्या.

"या दिवसांत या नाल्यावर दुसरं काय फुलतं, लिहिलं होतं का तुम्ही?"

लिहिलं नव्हतं. माझ्या वहीत झाडाचा देश होता, फुलण्याचा महिना नव्हता.

सर एवढंच रागावले. बाईंना मात्र म्हणाले, "चूक माझी आहे. यायले अर्धवट शिकवलं मीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते वाडीत हजर. नराचं फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, मादीच्या फुलात हलकेच फिरवायचं. अठरा दिवस आम्ही दोघांनी भुंग्यांचं काम केलं. गुडघे दुखत, म्हणून सर वेलांतून बसल्या बसल्याच पुढे सरकत. शेवंताबाई चहा आणत अन् म्हणत, "गुरुजी, भुंगा इतका हळू चालला तं कोहळं दिवाळीले पिकंन!"

कोहळी धरली. सगळी नाही, निम्म्याहून थोडी जास्त.

त्यानंतर सरांनी पद्धत घालून दिली. पलीकडच्या काठचं बेशरम तूर्त ठेवायचं. आधी करंज, तरवड, निरगुडी लावायची; त्यांच्या फुलांवर माश्या दिसल्याशिवाय एकही कांडी कापायची नाही. परदेशी झाड चांगलंच, असं ते कधी म्हणाले नाहीत. बेशरम नाला अडवतं, आपल्याखाली काही उगवू देत नाही, हे त्यांनीच मला दाखवलं होतं. ते तोडल्यावर उपाशी कोण राहील ते आधी पाहा, एवढंच त्यांचं म्हणणं. तरवड आणि निरगुडी आता फुलतात. करंजाला अजून वेळ आहे.

या लेखासाठी मी शेवंताबाईंना दोन शब्द मागितले. त्या म्हणाल्या, "गुरुजीले सांगा, गुडघे सांभाळा. माह्या वाडीत आता भुंगे येतात. तुम्ही नुसते चहाले या."

याहून वेगळी शुभेच्छा मला सुचत नाही. सरांची प्रकृती ठणठणीत राहो, आणि शंभरी ओलांडेपर्यंत त्यांना त्या वाडीत, फुलाला हात न लावता, निवांत चहा पिता येवो.