बोइआच्या समोरची सरी

उज्माला लॅटिन येत नाही. हे आधी सांगते, कारण अमरावतीत आता उलट सांगितलं जातं. तिला फक्त सदतीस लॅटिन शब्द येतात, सगळे गळ्यात घालायच्या वस्तूंचे. ते शब्द तिच्यापर्यंत मीच नेले.

अचलपूरला तिच्या वडिलांचं, अब्दुल रहीम चाचांचं, पटव्याचं दुकान आहे. सोनार मणी करतो, पटवा ते रेशमात ओवून गाठतो. दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवायचा, ताणायचा आणि दोन्ही हातांनी पीळ द्यायचा. चाचांची नजर कमी झाल्यापासून अंगठा उज्माचा. बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. मग मी अमरावतीला येऊन मराठी साहित्यात एम.ए. केलं आणि ती दुकानात बसली. तेव्हा मला तिची कीव यायची. कीव करणं सोपं असतं.

खुशालराव सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. तरुणपणी मिशनच्या शाळेत शिकवताना एका म्हाताऱ्या फादरकडून ते लॅटिन शिकले. त्यांना एक पुस्तिका करायची होती. एका बाजूला रोमन लोकांचे शब्द, समोर वऱ्हाडातली तशीच वस्तू. दागिना, ताईत, कुत्र्याचा पट्टा, बैलाचं जोतं, गळ्यात येईल ते सगळं. मदतीला त्यांनी मला घेतलं. मुखपृष्ठावर त्यांच्या नावाखाली मदतनिसाचं एक नाव येणार होतं. तासिका तत्त्वावरच्या नोकरीच्या मुलाखतीत मला दोनदा विचारलं गेलं होतं, काही छापून आलंय का. ते नाव मला हवं होतं.

मी कोश घेऊन बसले. तोर्क्वेस म्हणजे पीळ दिलेला गळ्यातला दागिना. मी समोर गोफ लिहिला. मिल्लुस म्हणजे टोकं बाहेर आलेला गळपट्टा. मी बायकांच्या गळ्यातली वज्रटीक लिहिली. सर म्हणाले, कागदावर नको, वस्तू हातात घेऊन बघू. म्हणून मी त्यांना उज्माच्या दुकानात नेलं.

उज्माने माझी यादी ऐकली. प्रत्येक शब्दाला तिचे दोनच प्रश्न होते. हे कोणाच्या गळ्यात असते? आणि काढता येते काय? मिल्लुसपाशी सर जरा थांबले. मग म्हणाले, हा शिकारी कुत्र्याचा पट्टा, खिळे बाहेर, लांडग्याने गळा धरू नये म्हणून. उज्मा हसायला लागली. दर्यापूरकडचे मेंढपाळ आपल्या कुत्र्यांले असाच पट्टा बांधतात, म्हणाली, आकांक्षाने, म्हणजे मी, तो बायांले घातला. चाचा हसले. सर डोळे पुसेपर्यंत हसले. मीही हसले. हसावंच लागलं.

"तू पुस्तकात पाहून राहिली," ती मला म्हणाली. "आधी गळा पाह्य ना."

मग ती तोर्क्वेसकडे वळली. गोफ खाली ठेवला की दोरीसारखा पडतो. हे पडणारं नाही ना, असं तिने सरांना विचारलं. सर नाही म्हणाले. तिने आतून दादीची हसली आणली, गळ्यात घालायचं पीळ दिलेलं कडक चांदीचं कडं, आणि फरशीवर ठेवली. ती तशीच गोल राहिली. सरांनी ती उचलली आणि बराच वेळ हातातून सोडली नाही. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत स्वतःशीच हसत होते.

पुढचे चार महिने दर गुरुवारी सर एकटेच अचलपूरला जात. पूर्वी गुरुवारी ते मला घरी बोलवायचे. आता शुक्रवारी बोलवायचे आणि उज्मा काय म्हणाली ते सांगायचे. मी टाइप करायचे. सर कच्च्या पानांच्या समासात पेन्सिलीने 'उ.' लिहीत, म्हणजे ही नोंद उज्माची. पानापानावर 'उ.' होता. 'आ.' शोधावा लागे. एकदा मी एक 'उ.' खोडरबराने पुसला. पुसलेली जागा जास्तच दिसायला लागली, म्हणून मी तो परत लिहिला.

शेवटच्या पानांत बोइआ हा शब्द आला. रोममध्ये गुलामाच्या, कैद्याच्या गळ्यात अडकवायचं कडं. त्याच्यासमोर उज्माने सांगितलं होतं, सरी.

सरी म्हणजे चांदीचं जाड, गोल कडं. वऱ्हाडात लग्नात सुनेच्या गळ्यात घालायचे. माझ्या पणजीच्या एकुलत्या एका फोटोत ती आहे. ही नुसती चूक नव्हती, अपमान होता. मला आनंद झाला. मी सरांना काही बोलले नाही. पुढच्या रविवारी सरांच्या घरी शेवटचं वाचन होतं. दोन प्राध्यापक यायचे होते, त्यातले एक माझ्या मुलाखतीला बसलेले. मी रविवारपर्यंत थांबले.

उज्मा वडिलांना घेऊन आली. पिशवी मांडीवर धरून बसली. बोइआचं पान आलं तेव्हा मी उभी राहिले.

"सर, इथे मोठी चूक राहिली आहे," मी म्हटलं. "गुलामाच्या कड्यासमोर आपल्या लेकीसुनांची सरी कशी चालेल?"

मुलाखतीतले प्राध्यापक माझ्याकडे बघून होकाराने मान हलवायला लागले. सरांनी उज्माकडे पाहिलं. ती घाबरेल असं मला वाटलं होतं. ती सांगायला लागली.

दर्यापूरजवळच्या एका खेड्यातल्या मैनाबाई तिच्याकडे येतात. लग्नात सोनाराने त्यांच्या गळ्यातच सरीची टोकं ठोकून जोडली. सरीला उघडायला फासा नाही, पेच नाही. ती मानेला घासते, जखम होते. म्हणून दर सहा महिन्यांनी उज्मा तिच्यावर मऊ रेशीम गुंडाळून देते. बाकी दागिने ती अंगठ्याला लावून गाठते. ही एकच वस्तू तिला माणसाच्या गळ्यावर गाठावी लागते. एकदा जखम चिघळली तेव्हा ती मैनाबाईंना म्हणाली, कापून घ्या. त्या म्हणाल्या, पोरं कापू देत नाहीत, घरातली लक्ष्मी आहे म्हणतात.

"मी इचारलं, मंग काढता येते कधी?" उज्मा म्हणाली. "त्या म्हणे, मी मेल्यावर."

मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आकांक्षा, जितेपणी गळ्यातून निघत नाही, अशा वस्तूले तुमच्या कोशात काय म्हणतात?"

मला शब्द माहीत होता. मीच तो टाइप केला होता. मी खाली बसले. मुलाखतीतल्या प्राध्यापकांनी खिशातून वही काढली आणि मैनाबाईंची गोष्ट लिहून घ्यायला लागले. त्यांनी उज्माला तिचं पूर्ण नाव विचारलं. माझं विचारलं नाही.

सर म्हणाले, मुखपृष्ठावर माझ्या नावाखाली आता दोन नावं येतील, आधी कोणाचं ते तुम्ही दोघी ठरवा.

"हिचंच आधी टाका," उज्मा म्हणाली. "हिले नोकरीत कामी येईल. माह्या दुकानात कोण मुखपृष्ठ पाह्यते?"

तो टोमणा असता तर मी सहन केला असता. तो टोमणा नव्हता. घरी येऊन मी मुखपृष्ठ टाइप केलं. माझं नाव आधी टाकलं.

पुस्तिका छापून आल्यावर मी स्वतः अचलपूरला प्रती घेऊन गेले. मुखपृष्ठ आधी दिसावं म्हणून सगळ्यात वरची प्रत सुलटी ठेवली होती. दुकानात एक म्हातारी बाई मान वाकवून बसली होती. उज्मा मागे गुडघ्यावर उभी राहून सरीवर हिरवं रेशीम गुंडाळत होती. मैनाबाई कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

"हेच काय ते पुस्तक?" मैनाबाई म्हणाल्या. "याच्यात माही सरी कुठं हाय?"

उज्माचे दोन्ही हात दोऱ्यात होते. पान मलाच काढावं लागलं. पुस्तिका उघडून मी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांचं बोट बोइआसमोरच्या 'सरी' या शब्दावर टेकवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी रेशमाची शेवटची गाठ बसेपर्यंत त्यांनी बोट हलवलं नाही. मुखपृष्ठ त्यांच्या लुगड्यावर पालथं होतं.