केरूमामा आणि दोन एमएम

इस्लामपुरात इंजिनाचे ब्लॉक बोअर करून देणारी दुकानं आज पाच-सहा असतील, पण काम नाजूक असलं की मेकॅनिक केरूमामांचीच पायरी चढायचे. मामा म्हणजे केरू बनसोडे, वय एकसष्ट, अंगावर मळकी खाकी आणि जिभेवर कायम ‘न्हाई’. गिऱ्हाइकाला आधी नाही म्हणायचं, मग चहा पाजायचा, मग नाही का ते समजावून सांगायचं. अशा माणसाचा धंदा खरं तर आठ दिवसांत बसायला हवा. पण मामांनी कापलेलं इंजिन परत येत नसे. ‘केरूमामांचा हात चुकत न्हाई’ असं लोक म्हणत. छत्तीस वर्षांत मामांनी कमावलं ते एवढंच, आणि त्यावर त्यांचा फार जीव होता.

दुकानात जोडीला भाचा कपिल. मेहुणे गेल्यावर बहीण आक्काताईनं तो मामांच्या पदरात घातला, त्याला बावीस वर्षं झाली. कपिल डावरा. त्याला शिकवायचं कसं हे कळावं म्हणून मामांनी स्वतः महिनाभर डाव्या हातानं काम करून पाहिलं होतं. पोटच्या पोरासाठीही कुणी एवढं करत नाही.

एकदा साताऱ्याचा ऋषिराज आला. साध्या गाड्यांची इंजिनं उघडून त्या बेफाम पळवायच्या, हा त्याचा उद्योग. त्यानं ॲल्युमिनियमचा ब्लॉक बाकावर ठेवला.

“मामा, बोअर दोन एमएमनं वाढवा. मोठं पिस्टन मागवल्यात.”

मामांनी आतून बोट फिरवलं. असल्या ब्लॉकच्या पोटात लोखंडी नळ्या, म्हणजे लाइनर, ओतूनच बसवलेल्या असतात आणि पिस्टन पळतो तो त्या नळ्यांमध्ये. बोअर वाढवायचा म्हणजे नळी आतून कापायची, आणि कापावी तेवढी ती पातळ होते.

“अर्धा एमएम देतो. दोन कापलं तर लाइनर पापडागत ऱ्हाईल. तापल्यावर तडकंल, गड्या.”

“सगळी करत्यात, मामा.”

“मग सगळ्यांकडं जा.”

ऋषिराज हसला आणि विचार करतो म्हणून ब्लॉक ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी मामा लेकीच्या, प्रियदर्शनीच्या, घरभरणीला कोयनानगरला गेले. चार दिवसांनी परतले तर बाकावर ब्लॉक नव्हता. “नेला त्यानं माघारी,” कपिल म्हणाला. पीडा गेली, असं म्हणून मामा कामाला लागले.

दोन महिन्यांनी ती पीडा टेंपोत बसून परत आली. बाजारचा दिवस, दुकानात सात-आठ मेकॅनिक. ऋषिराजनं सगळ्यांदेखत ब्लॉक आपटला. तिसऱ्या सिलिंडरचा लाइनर वरपासून खालपर्यंत चिरला होता.

“खंबाटकी चढताना फुटलं. काय काम हाय का ह्ये, मामा?”

“म्या कुठं केलंय?”

“तुमीच की! दोन एमएम बसतंय, मामांनी सोता कापलंय, आसं सांगून कपिलनं दिला मला.”

मामांनी कपिलकडं पाहिलं. कपिल हात पुसत होता, पुसून झालेले हात पुन्हा पुसत होता. मग मामा ब्लॉकवर वाकले. बोअर झाल्यावर त्याच्या तोंडाची धार हातानं मोडावी लागते आणि पात्याचे बारीक ओरखडे राहतात. हे ओरखडे उलटे कललेले होते. इस्लामपुरात डाव्या हातानं धार मोडणारा एकच माणूस होता.

तरी मामांनी कपिलचं नाव घेतलं नाही. पोरानं चूक केली, आता पोरगंच बोलंल, त्याला संधी द्यावी, असं त्या भोळ्या माणसाला वाटलं.

आणि कपिल बोललाही. “मामांचं वय झालंया. हात चुकला आसंल.”

दोघा-तिघांनी मान हलवली. ऋषिराजचा रागही निवला आणि त्याच्या डोळ्यांत कीव आली. ती मामांना शिवीपेक्षा झोंबली.

माणसं पांगल्यावर मामांनी शटर अर्धं ओढलं. “कापलंस ते कापलंस. माज्यावर का घातलंस रं?”

“मामा, तुमचं झालं करून समदं,” कपिल खाली बघत म्हणाला. “मला आजून ईस वर्सं हितंच खायाचं हाय. माजं नाव गेलं तर मी काय करू?”

ह्याला काय म्हणावं? त्या रात्री मामा जेवले नाहीत. बावीस वर्षांत आपण भाचा घडवला की वैरी, एवढंच मनात घोळत राहिलं.

सोमवारी बिराप्पा आला. मामांचं तीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक, ट्रॅक्टरचा मेकॅनिक. त्याचा ब्लॉक घ्यायला मामांनी हात पुढं केले. बिराप्पा अवघडला आणि त्यांना वळसा घालून आत गेला.

“कपिल, तूच कर बाबा ह्यो.”

“बिराप्पा,” मामा त्याच्यामागं आत गेले, “त्यो साताऱ्याचा ब्लॉक म्या न्हाई, कपिलनं कापला. मी हितं नव्हतोच.”

बिराप्पानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “असूंद्या वो, मामा. हुतंय वयानं. तवा जाग्यावरच सांगितलं असतंसा की. कशाला आता पोराचं नाव घेताय?”

मामा स्टुलावर बसले. समोर कपिलनं ब्लॉक मशीनवर चढवला, पातळी पाहिली, तीन ठिकाणी माप घेतलं, पुसून पुन्हा घेतलं. सगळं मामांनी शिकवलं होतं तस्संच.