काटा थांबायची वाट

चिखलीच्या बाजार समितीत जानरावांनी मापारी म्हणून अख्खी उमर घालवली. सोयाबीन असो की हरभरा, मालानं भरलेला कट्टा काट्यावर पडला की जानराव दम धरून उभे. अडत्यानं डोळे वटारू देत, शेतकऱ्याची गाडी चुकू दे, काटा पुरता थांबल्याबिगर त्यांच्या तोंडून वजन निघायचं नाही. मोजणीची रीतही जुनीच. पहिल्या कट्ट्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन. भाव पडलेला असो, माल भिजलेला असो, पहिला कट्टा लाभच.

काम सुटल्यावर गाठीची पुंजी त्यांनी शेअर बाजारात टाकली, ती पुतण्या गोकुळच्या नादानं. गोकुळ अडतीवर मुनीम, तोंडाचा फटकळ. त्यानंच काकांच्या मोबाईलवर एक तबकडी उघडून दिली. डाव्या टोकाला भीती, उजव्या टोकाला लोभ, अन् मधात हलणारा काटा. बाजारातल्या लोकांचं मन कुठं झुकलं, ते दाखवणारा.

आता मापाऱ्यासमोर काटा ठेवल्यावर दुसरं काय होणार? जानराव हरखले. एकदा काटा भीतीच्या टोकाला असताना त्यांनी शेअर घेतले, अन् भाव चढले. झालं! देवघरातल्या समईआधी तबकडीचं दर्शन सुरू झालं.

इकडे त्यांच्या बायकोचे, सुभद्राबाईंचे गुडघे गेले. अंगणाच्या दोन पायऱ्या त्या शिडी उतरावी तशा पाठमोऱ्या उतरायच्या. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. शेअर विकून करायचं ठरलं.

"काटा लोभाच्या टोकाले जाऊ दे," जानराव म्हणाले, "मंग विकतो."

काटा गेला तिथं. पण थरथरत होता. थांबला की विकू, म्हणून जानराव थांबले. भाव आणखी चढले, तेव्हा वाटलं, बरं झालं विकलं नाही. मग एका आठवड्यात सगळं घसरलं अन् काटा थेट भीतीवर. भीतीत तर घ्यायचं असतं, आता विकणं म्हणजे उफराटं काम. जानराव पुन्हा थांबले. काटा भीतीतच पडून राहिला, भावही खालीच सरकत राहिला. तबकडी पाहून पाहून त्यांचे डोळे दुखायला लागले. भिंत धरून चालणाऱ्या बायकोकडे बघायचं ते टाळायला लागले.

एका सकाळी त्यांनी गोकुळला घरीच बोलावलं.

"काऊन बे, हा काटा थांबत काऊन नाही?"

"काका, हा मालाचा काटा नाही हो. माल घेणाऱ्यायच्या जिवाचा हाये. जीव कधी थांबते का?"

"मंग टोकाले गेला, तं समजाचं काय?"

"येवढंच, का लोकं लय भेले, नाही तं लय हावरले. भाव उतरतीन कवा, हे त्याले काय ठाऊक?"

"मंग मले दाखवला कायले?"

"सगळे घेऊन राह्यले म्हणून तुम्हीबी धावले, तं तवा हात आवरावा म्हणून. तेवढाच त्याचा उपेग. तुम्ही तं त्याले देवच करून टाकला!"

 उभ्या जन्मात कोणी जानरावांना काटा वाचायला शिकवलं नव्हतं.

सुभद्राबाई दारातल्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होत्या.

"आज कुठं हाये तुमचा काटा?"

"मधात."

"मधात म्हणजे?"

"म्हणजे कायबी नाही."

"मंग माह्या गुडघ्याचं आयका. हा तं रोज एकाच टोकाले राह्यते."

गोकुळ हसला अन् लगेच ओशाळला. जानराव हसले नाहीत. त्यांनी चष्मा धोतराला पुसला. बाजार उघडला होता. एका गुडघ्याच्या ऑपरेशनापुरतं निघत होतं, वर फारसं काही नाही. टोकाला असताना विकलं असतं, तर दोन्ही गुडघ्यांचं भागलं असतं. तो विचार त्यांनी थकलेला बैल दावणीला बांधावा तसा बाजूला बांधला.

तबकडीवर काटा अजून हलत होता. जानरावांनी विकायच्या बटणावर अंगठा दाबला, अन् जन्मात पहिल्यांदा हलत्या काट्यावर पुकारलं, "लाभ."

"फोन लावा डाक्टरले," सुभद्राबाई म्हणाल्या, अन् खुर्चीतून उठायला त्यांनी हात पुढं केला.