सफेदा लावणारी राणी

“तोंड उघडा,” डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, यांना माझं गाणं ऐकायचंय. मी घसा साफ करून सूर लावला.

“गाऊ नका. हिरड्या दाखवा.”

त्यांनी चमच्यानं माझा ओठ वर उचलला, मला उजेडाकडे वळवलं आणि दातांच्या कडेनं हिरडीवर उमटलेली निळसर काळी रेघ आरशात दाखवली. मग माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. साधासुधा खड्डा नव्हे, उणकलचं तळं त्यापुढे उथळ वाटावं.

“काम काय करता?”

“मी राणी आहे.”

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर रुळणाऱ्या केसांकडे पाहिलं आणि मग माझ्या थोरल्या बहिणीकडे. अक्काचं सासर धारवाडात, तिनंच मला ओढत दवाखान्यात आणलं होतं.

“नाटकात राणी,” अक्का म्हणाली. “घरात दत्तू.”

तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं ते असं. हे लेड पॉयझनिंग, म्हणजे अंगात शिसं भिनणं. त्या शिशानं नेफ्रायटिस झाला आहे, म्हणजे मूत्रपिंडांचा दाह. मूत्रपिंड ही रक्त गाळणारी बारीक चाळणी. माझ्या चाळणीची भोकं फाटली होती. त्यामुळे राहायचं ते बाहेर जात होतं आणि जायचं ते अंगात साठत होतं.

आता हे शिसं माझ्या अंगात गेलं कसं, ते सांगतो. तोंडाला रंग लावणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं, म्हणून तर लिहायला बसलोय.

आमच्या नाटक कंपनीचा मुक्काम तेव्हा हुबळीला होता. मी नायिका. मी पदर सावरला की स्टेशनात उभं असलेलं इंजिन वाफ सोडायचं थांबे, असं लोक म्हणत. लोक म्हणजे मुख्यतः मीच. पण माझा मूळ रंग तव्याशी भावकी सांगणारा, म्हणून चेहऱ्यापासून कोपरापर्यंत सफेदा चोपडावा लागे. आमच्याकडची रीत अशी की सफेदा पाण्यानं कालवायचा नाही, पाण्यानं तो फाटतो. बोट जिभेवर फिरवायचं, डब्यात बुडवायचं, गालावर ओढायचं, पुन्हा जिभेवर. माझ्या गुरुजींनी हे शिकवलं, त्यांना त्यांच्या गुरुजींनी. दोघेही पोटदुखीनं गेले. ती गायकांना होतेच, अशी आमची समजूत.

मलाही पोटदुखी सुरू झाली. एकदा भर वनवासाच्या प्रवेशात अशी कळ आली की मी गडाबडा लोळलो. प्रेक्षकांना तो शोक वाटला. त्यांनी वन्समोअर दिला. मी पुन्हा लोळलो, आणि खरं सांगतो, दुसऱ्या खेपेला जास्त चांगला लोळलो.

मग सकाळी तोंड सुजू लागलं. कंपनीत आनंदीआनंद. आमचे मालक माझी हनुवटी धरून म्हणाले, “बघा, आता कुठे राणी भरली. पूर्वी नुसतं हाडूक होतं.” पावलं सुजली तर म्हणाले, पैंजण शोभतात. रक्त कमी होऊन ओठ पांढरे पडले तर म्हणाले, राजघराण्याचं तेज आहे. जसजसा मी मरणाकडे सरकत होतो, तसतशी तिकिटं जास्त खपत होती.

अक्का एकदा खेळ बघायला आली आणि मध्यंतरात रंगपटात घुसली. “तेज कसलं? आमच्या गल्लीत एक म्हातारी अशीच फुगून गेली,” म्हणाली, आणि सकाळच्या गाडीनं मला धारवाडला घेऊन आली. सफेद्याचा डबाही तिनंच पदराखाली आणला होता.

डॉक्टरांनी डबा उघडला. “हा शिशाचा. दारंखिडक्या रंगवायला नेतात.”

“त्यांच्यावर इतका खुलत नाही,” मी म्हणालो.

“बोट कशानं ओलं करता?”

मी करून दाखवलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ घातला नाही.

लघवीची तपासणी माझ्यासमोरच झाली. काचेच्या नळीत घेऊन ती स्पिरिटच्या दिव्यावर तापवली, दोन थेंब आम्ल घातलं, तर वर पांढरा गोळा. हे अल्ब्युमिन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यात असतं तसलं सत्त्व. सात पिढ्यांत आमच्या घरी कुणी अंड्याला शिवलं नव्हतं, आणि ते माझ्याच पोटातून निघावं. एका नळीत माझं सोवळं आटोपलं.

शिसं खेचून काढणारं औषध नाही, डॉक्टर म्हणाले. सफेदा बंद, पडून राहायचं, दूध आणि बिनमिठाचा भात. बाकी शरीर बघून घेईल. बघून घेईल म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. अक्कानं विचारलं. “रंग परत लावला तर पुढची दिवाळी दिसायची नाही,” ते म्हणाले. तिनं तिथल्या तिथे मला दवाखान्यातच खाट मिळवून दिली.

बिनमिठाचा भात म्हणजे काय, ते ज्यानं खाल्लाय त्यालाच ठाऊक. शेजारच्या खाटेवरचा पाटील रोज ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाई. मी त्या वासाबरोबर भात गिळत असे. मी नाक ओढलं की पाटील डबा झाकी. म्हणे, “राणीसाहेब, तुमच्या नाकानं माझी चटणी अळणी होते.”

हळूहळू सूज उतरली. नळीतला गोळा लहान होत होत तळाशी नुसता धूसर झाला. पूर्ण गेला नाही. “जी चाळणी फाटली ती फाटली,” डॉक्टर म्हणाले, “उरलेली सांभाळा.”

दिवाळीच्या तोंडावर मालक मोसंबी घेऊन अक्काच्या घरी आले. मला पाहून दारातच थांबले. “अरे दत्तू, तुला काही आजार झाला की काय?”

“झाला होता. आता बरा आहे.”

“बरा झालास म्हणून असा दिसतोस? त्यापेक्षा थोडा सुजलेलाच बरा होतास.” त्यांनी मोसंब्यांखालून सफेद्याचा नवा डबा काढला. “दिवाळीला राणी उभी राहिली पाहिजे. नाहीतर मिरजेहून दुसरी राणी बोलावतो.”

माझ्याकडे दुसरी विद्या नव्हती. मिशी लावून तलवार धरली तर तलवारच लाजली असती. खोटं कशाला बोलू, माझा हात डब्याकडे गेला. अक्कानं त्यावर चापट मारली.

“मालक, तुमची राणी वनवासात हिंडते किती?”

“पहिला अंक सोडून सगळा खेळ वनवासच.”

“छत्री घेऊन?”

“छे, वनवासात छत्री कसली?”

“अनवाणी उन्हातान्हात फिरते, आणि रंग मात्र चुना दिलेल्या भिंतीचा. कुठल्या रानातलं ऊन हे?”

“अक्का, लोक गोरी राणी बघायला येतात.”

“मग तो डबाच उभा करा. पदं म्हणतोय का बघू.”

मालकांनी डब्याकडे खरोखरच पाहिलं. मग डबा परत पिशवीत टाकला आणि पहिला अंकच कापला. राजवाड्याचा पडदा फाटलेलाच होता, हा त्यांचा हिशेब वेगळा.

खेळाच्या दिवशी काजळ आणि अक्काच्या करंड्यातलं घरचं कुंकू, एवढ्यावर मी रंगभूमीवर गेलो. स्वतःच्या तोंडानं लोकांसमोर जायची ती माझी पहिलीच वेळ. इतक्या लोकांसमोर नागडं उभं राहावं तसं वाटलं. पिटातून एक आवाज आला, “कर्रग आग्याळल्ल.” म्हणजे, काळी पडली की हो.

दुसऱ्यानं त्याला दटावलं, “वनवासदाग अदाळप्पा.” अरे बाबा, ती वनवासात आहे.

बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. मी पद उचललं. वन्समोअर किती पडले ते विचारू नका. सांगितले तर तुम्ही बाकीचंही खोटं मानाल.

त्या डॉक्टरांचे उपकार आहेतच, आणि अक्काचे तर ती रोजच मोजून दाखवते. माझ्यासारख्यांना एवढंच सांगणं की बाजारातली कुठलीही भुकटी तोंडाला लावण्याआधी ती कशाची ते विचारा, आणि बोट जिभेला लावू नका, गुरुजींनी सांगितलं असलं तरी. मला आजही कुणी म्हणालं, “काय दत्तोपंत, तब्येत भरलीय, चेहऱ्यावर तेज आलंय,” तर मी आभार मानत नाही. तिथेच धोतर वर करून नडगीवर अंगठा दाबतो. खड्डा पडला नाही, की मग हसतो.