काचेवरचा हात

लडाखच्या वाळवंटात आमच्या ट्रकच्या काचांवर आतूनच बर्फाची साय धरली होती. तळी बघायला आलेले आम्ही दहाजण नुसते कुडकुडत होतो. बाहेरचं काही दिसेना.

"परत फिरूया," कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात सत्तरीच्या कुसुमकाकूंनी हातमोजा काढला आणि उघडा तळवा काचेवर दाबून धरला.

"काकू, हात गारठेल!"

"चाळीस वर्षं तव्यावरच्या भाकऱ्या उलटल्यात या हातानं. त्याला काय होतंय?"

त्यांनी हात उचलला, आणि पाच बोटांच्या त्या खिडकीतून निळंशार तळं आत आलं. सकाळपासून आम्ही आपापली ऊब काखेत दाबून बसलो होतो. ती कुठे लावायची, हे काकूंना ठाऊक होतं.

पुढच्या तळ्याशी पोचलो तेव्हा ट्रकमध्ये एकाच्याही हातात मोजा नव्हता.